गिझरचा दिवा विझत नसेल तर…

डिसेंबर लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या घराघरांत पहाटेचे पहिले काम ठरलेले असते, ते म्हणजे अंघोळीचे पाणी तापवणे. विदर्भातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचे नाव वारंवार झळकते. किमान पारा आठ-नऊ अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतो. धानाच्या बांध्यांवर धुके असते आणि घरात नळाच्या पाण्याला हात लावावासा वाटत नाही. पूर्वी हे काम अंगणातला तांब्याचा बंब किंवा चुलीवरचे पातेले करत असे. आता शहरातच नव्हे, तर आमगाव, तिरोडा, देवरीसारख्या तालुक्याच्या गावांतही न्हाणीघराच्या भिंतीवर गिझर आला आहे. तो बिचारा वर्षातले आठ महिने बंद असतो आणि थंडी पडली की एकदम कामाला लागतो. साहजिकच त्याच्या तक्रारीही याच दिवसांत सुरू होतात.

तक्रारी साध्या वाटतात. ‘दिवा विझतच नाही’, ‘पाणी कधी कोमट येते, कधी चटका बसतो’, ‘बटण दाबले तरी तापतच नाही’. घरोघरी त्याकडे दुर्लक्ष होते किंवा ओळखीच्या मिस्त्रीला बोलावून तात्पुरती सोय केली जाते. यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एक लहानसा भाग असतो. पाण्याचे तापमान ओळखणारा सेन्सर, म्हणजेच थर्मोस्टॅट. तो चुकीचे सांगू लागला तर त्याची किंमत विजेच्या बिलापुरती राहत नाही. हिवाळ्यात भाजलेले रुग्ण रुग्णालयात येतात, त्यांत गरम पाण्याने पोळलेली लहान मुले आणि वृद्ध असतात. म्हणून हा बिघाड कसा होतो, घरच्या घरी कसा ओळखायचा आणि कुठे थांबायचे, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

बंबाला सेन्सर का लागत नव्हता?

जुना बंब वरून उघडा किंवा सैल झाकणाचा असे. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. विसरून जास्त वेळ जाळ राहिला तर पाणी उकळे, वाफ निघून जाई आणि तापमान १०० अंशांच्या वर जात नसे. उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका होताच. पण बंब फुटण्याचा धोका फारसा नव्हता, कारण वाफेला वाट मोकळी होती.

गिझरची टाकी मात्र बंद असते आणि छतावरच्या टाकीचा किंवा पंपाचा दाब तिच्यावर असतो. अशा टाकीत पाणी तापत राहिले, तर दाबामुळे ते १०० अंशांनंतरही पाणीच राहते. पुढे टाकी कुठे तडकली तर दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे ते सतराशे पट जागा लागते. गिझर फुटल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हे साधे विज्ञान असते.

उसना तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्यांमध्ये बॉयलर असतो. गोंदियाकरांना तो नवा नाही. त्या बॉयलरवर दाबमापक असतो, सुरक्षा झडप असते, प्रशिक्षित माणूस असतो आणि बाष्पके संचालनालयाची तपासणी असते. या बॉयलरसाठी आपल्याकडे १९२३ पासून स्वतंत्र कायदा आहे. घरचा गिझर त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याचा निरीक्षक घरातलाच माणूस!

टाकीचे तीन राखणदार

पाणी साठवून तापवणाऱ्या चांगल्या गिझरमध्ये सुरक्षेची तीन साधने असतात. पहिला राखणदार थर्मोस्टॅट. ठरवलेले तापमान आले की तो कॉइलची वीज तोडतो आणि पाणी निवले की पुन्हा जोडतो. दुसरा थर्मल कटआउट. थर्मोस्टॅट अडकला आणि तापमान मर्यादेबाहेर गेले, तर हा वीज पूर्ण बंद करतो. काही गिझरमध्ये कटआउट पडला की बटण दाबून तो हाताने पूर्ववत करावा लागतो. तिसरा प्रेशर व्हॉल्व्ह. वरचे दोघेही अपयशी ठरले तर हा जादा दाब बाहेर सोडतो.

हा व्हॉल्व्ह पाणी तापताना थेंबथेंब गळतो, तेव्हा पुष्कळ लोक घाबरतात. त्यात वावगे काही नाही. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे दीड टक्क्याने प्रसरण पावते. १५ लिटरच्या टाकीत हे प्रसरण जवळजवळ पाव लिटर भरते, आणि ते कुठेतरी जायला हवे. धोक्याची खूण वेगळी आहे. व्हॉल्व्हमधून सतत धार लागणे, वाफ निघणे किंवा याउलट तो गंजून, क्षार साचून कायमचा बंद होणे. गळती थांबवण्यासाठी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच लावणे ही तर घातक चूक आहे.

सेन्सर खोटे कसे बोलतो?

साध्या गिझरचा थर्मोस्टॅट यांत्रिक असतो. टाकीत घुसवलेल्या नळीत धातूची कांडी किंवा द्रव भरलेला बल्ब असतो. उष्णतेने तो प्रसरण पावतो आणि विजेचा संपर्क तोडतो. हजारो वेळा जोड-तोड झाल्यावर ठिणग्यांमुळे संपर्काची टोके काळी पडतात. कधी ती जुळत नाहीत, मग पाणी तापत नाही. कधी ती एकमेकांना चिकटून बसतात, मग पाणी तापतच राहते. बोअरवेलच्या जड पाण्याने नळीवर आणि कॉइलवर पांढऱ्या क्षाराचा थर चढतो. मग सेन्सरला पाण्याचे तापमान उशिरा किंवा चुकीचे कळते आणि कॉइलही आतून जास्त तापते.

आकडा दाखवणाऱ्या नव्या डिजिटल गिझरमध्ये सहसा थर्मिस्टर असतो. हा मणीभर आकाराचा अर्धवाहक. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. रूपाचे संयुग असलेल्या सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा गुणधर्म मायकल फॅरेडे यांनी १८३३ मध्येच नोंदवला होता. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम असतो, तर ६० अंशांना तो सुमारे अडीच हजार ओहमवर येतो. गिझरमधले सर्किट हा रोध मोजते आणि त्यावरून तापमान ‘समजून घेते’.

आता बिघाडाचे तर्कशास्त्र पाहा. सेन्सरची तार तुटली तर रोध प्रचंड वाढतो. सर्किटला वाटते, पाणी बर्फासारखे गार आहे. त्यामुळे ते तापवण्याचा हुकूम देत राहू शकते. तारा एकमेकांना चिकटल्या तर रोध शून्याजवळ येतो. सर्किटला वाटते, पाणी उकळते आहे. मग ते तापवायचे नावच घेत नाही. चांगल्या बनावटीच्या गिझरमध्ये असे अशक्य आकडे आले की यंत्र तापवणे थांबवते आणि पडद्यावर चुकीचा संकेत दाखवते. त्या संकेताचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो सोबतच्या पुस्तिकेत पाहावा. संकेत दिसत असताना बटण पुन्हापुन्हा चालू-बंद करून पाहण्यात अर्थ नसतो.

सर्वात फसवा बिघाड तिसरा. तार शाबूत, आकडा दिसतो आहे, पण तो चुकीचा आहे. सेन्सर आपल्या जागेवरून सरकला, सैल झाला तर असे होते. रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात हीच काळजी रोज घ्यावी लागते. कमी वजनाच्या बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचा सेन्सर बाळाच्या पोटाच्या त्वचेवर चिकटवलेला असतो. तो सुटला तर बाळाऐवजी हवेचे तापमान मोजू लागतो. यंत्राला वाटते बाळ गारठले, आणि ते उष्णता वाढवते. म्हणून परिचारिका यंत्राच्या आकड्यावर विसंबून राहत नाहीत; ठरावीक वेळाने काखेत थर्मामीटर लावून बाळाचे तापमान स्वतंत्रपणे मोजतात. गिझरच्या निदानाचे सूत्रही तेच आहे. यंत्र काय सांगते आणि पाणी प्रत्यक्षात किती गरम आहे, हे वेगवेगळे तपासायचे.

घरच्या घरी निदान

यासाठी गिझर उघडायची गरज नाही. घड्याळ, १०० अंशांपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि थोडे निरीक्षण पुरते. तापाचा थर्मामीटर वापरू नये. तो ४२-४३ अंशांपर्यंतच मोजतो. त्याहून गरम पाण्यात काचेचा फुटू शकतो आणि डिजिटल खराब होतो.

पहिली तपासणी वेळेची. पाणी तापायला किती मिनिटे लागायला हवीत, याचा हिशेब सोपा आहे. टाकीचे लिटर गुणिले वाढवायचे अंश, त्याला ०.०७ ने गुणायचे आणि कॉइलच्या किलोवॅटने भागायचे. १५ लिटरची टाकी, २ किलोवॅटची कॉइल आणि १८ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत न्यायचे असेल, तर उत्तर येते २२ मिनिटे. २५ लिटरच्या टाकीला सुमारे ३७ मिनिटे. खेडोपाडी विजेचा दाब कमी असतो, त्याचाही परिणाम होतो. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर कॉइलची ताकद तीन-चतुर्थांशावर येते आणि २२ मिनिटांचे काम २९ मिनिटांवर जाते. तेव्हा पाच-दहा मिनिटांचा फरक समजण्यासारखा आहे. पण नळ न उघडताही पाऊण तास दिवा विझला नाही, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. कारण १५ लिटरच्या त्याच टाकीतले पाणी ६० अंशांवरून उकळीपर्यंत पोहोचायला आणखी साधारण २१ मिनिटेच लागतात. काही गिझरवर दोन दिवे असतात. त्यांतला एक फक्त वीज आल्याचे दाखवतो आणि तो विझत नाही. तापवण्याचा दिवा कोणता, हे आधीच पाहून ठेवावे.

दुसरी तपासणी पाण्याची. दिवा विझल्यावर बटण बंद करावे, गरम पाण्याचा नळ हळू सोडावा, अर्धा मिनिट जाऊ द्यावा आणि मग स्टीलच्या मगात पाणी घेऊन तापमान मोजावे. गिझरवर ठरवलेल्या तापमानापेक्षा पाच अंशांचा फरक चालेल. ५५ ठरवले आणि ७० आले, तर थर्मोस्टॅट उशिरा तोडतो आहे. ५५ ठरवले आणि ४० वर दिवा विझला, तर तो लवकर तोडतो आहे किंवा क्षाराच्या थरामुळे कॉइलची उष्णता आधी त्यालाच लागते आहे.

दिवा विझला, सुरुवातीला कडक पाणी आले आणि बादलीभरातच कोमट झाले, तर दोष सेन्सरचा असेलच असे नाही. टाकीतली गार पाणी तळाशी सोडणारी नळी तुटली की गार आणि गरम पाणी लगेच मिसळते. बटण दाबताच एमसीबी किंवा गळती-संरक्षक स्विच पडत असेल, तर कॉइलमधून वीज गळत असण्याची शक्यता जास्त. तेथे सेन्सर बदलून काही साधणार नाही. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वीज तोडावी आणि दुरुस्तीपर्यंत ते न्हाणीघर वापरू नये.

इन्स्टंट गिझरची गोष्ट वेगळी. त्यात पाणी वाहता वाहता तापते. ३ किलोवॅटचा गिझर मिनिटाला तीन लिटर पाणी सोडत असेल तर ते साधारण १४ अंशांनी तापवतो. धार बारीक होऊन मिनिटाला एक लिटरवर आली, तर तेच पाणी ४३ अंशांनी तापते. म्हणजे १८ अंशांचे पाणी ३२ ऐवजी ६१ अंशांचे होते. स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला आणि न्हाणीघरातल्या माणसाला अचानक चटका बसला, तर सेन्सर शाबूत असूनही हे घडू शकते. म्हणून अशा गिझरच्या धारेखाली थेट उभे राहू नये; पाणी आधी बादलीत घ्यावे.

टाकीतून खळखळ आवाज येत असेल, नळातून वाफ येत असेल किंवा टाकीचे कवच हात लावता येणार नाही इतके तापले असेल, तर निदान करत बसू नये. मुख्य स्विचवरून वीज तोडावी. गरम पाण्याचा नळ उघडू नये, कारण आत १०० अंशांच्या वरचे पाणी असू शकते. घरातल्यांना तिथून दूर करावे, टाकी काही तास आपोआप निवू द्यावी आणि मगच तंत्रज्ञाला बोलवावे.

‘डायरेक्ट’ नावाची दुरुस्ती

थंडीचे दिवस, पाहुणे घरात आणि सुटा भाग मिळायला दोन-तीन दिवस. अशा वेळी, ‘थर्मोस्टॅट गेला आहे, तूर्त डायरेक्ट करून देतो,’ असे मिस्त्री म्हणतो. वीज थर्मोस्टॅटला किंवा कटआउटला वळसा घालून थेट कॉइलला जोडली जाते. पाणी छान तापते. ‘वीस मिनिटांनी आठवणीने बंद करा’, एवढीच सूचना मिळते. दोन-तीन दिवसांची सोय पुढे अख्खा हिवाळा चालते, आणि एखाद्या दिवशी फोन येतो, शेजारी हाक मारतात, वीज जाते, आणि बटण चालूच राहते.

वारंवार कटआउट पडणे हे तापासारखे लक्षण आहे. आत काहीतरी बिघडले आहे, असे ते सांगते. ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फेकून देणारा माणूस शहाणा ठरत नाही. कटआउट एकदा पडला तर वीज तोडून तंत्रज्ञाकडून तो पूर्ववत करून घ्यावा. पुन्हा पडला तर कारण शोधायलाच हवे. थर्मोस्टॅट आणि कटआउट हे भाग संपूर्ण गिझरच्या मानाने स्वस्त असतात. आयएसआय चिन्ह असलेला आणि त्या गिझरला जुळणारा भागच घ्यावा. दुरुस्तीनंतर मिस्त्रीला दोन प्रश्न जरूर विचारावेत. कटआउट जोडलेला आहे ना, आणि अर्थिंग तपासले का?

ज्या घरांत गिझर नाही तिथे बादलीत टाकायचा हीटरचा रॉड असतो. बहुतेक साध्या रॉडना सेन्सरच नसतो. तिथे सेन्सर म्हणजे माणूस. पाण्यात बोट बुडवून पाहण्याची सवय जिवावर बेतू शकते. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर आणि शेवटी पाण्याला हात, हा क्रम कधीही मोडू नये. लहान मुलांच्या वावरात रॉड लावून बाजूला जाऊ नये. गॅस गिझर वापरणाऱ्यांना आणखी एक इशारा. त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद न्हाणीघरात तो माणसाला बेशुद्ध करतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा.

किती गरम म्हणजे धोका?

अंगावर घ्यायचे पाणी ३७ ते ४० अंशांचे असले की पुरते. गिझर मात्र ६० किंवा ७० अंशांवर ठेवलेला असतो. या मधल्या अंतरात त्वचेचे काय होते, हे १९४७ मध्ये मोरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी मोजले. प्रौढ माणसाची त्वचा ४९ अंशांच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटांनी खोल भाजते, ५४ अंशांना अर्ध्या मिनिटात, ६० अंशांना पाच सेकंदांत आणि ७० अंशांना जेमतेम एका सेकंदात. तापमान दहा-बारा अंशांनी वाढले की सावरायला मिळणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असते, त्यांना याहूनही कमी वेळ मिळतो. पाच सेकंदांत तीन वर्षांचे मूल गरम धारेखालून बाजूला होऊ शकत नाही. ते जागच्या जागी उभे राहून रडते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने १९८३ मध्ये कायदा करून घरगुती गिझर ४९ अंशांवर ठेवूनच विकण्याचे बंधन घातले. त्यानंतर तिथे नळाच्या पाण्याने भाजून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या घटली. कारखान्यात फिरवलेल्या एका खुंटीने हे साधले.

मग गिझर सर्वांनीच ५० वर ठेवावा का? यालाही एक दुसरी बाजू आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका संमेलनात न्यूमोनियाची मोठी साथ आली आणि तिचे कारण ठरलेला लिजिओनेला हा जंतू पुढच्या वर्षी ओळखला गेला. तो २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि ६० अंशांना काही मिनिटांत मरतो. रुग्णालये, वसतिगृहे, हॉटेले यांच्या मोठ्या टाक्यांना हा धोका जास्त. घरच्या लहान टाकीतले पाणी रोज बदलते, त्यामुळे तिथे तो कमी असतो. म्हणून लहान मुले, वृद्ध किंवा संवेदना कमी झालेले रुग्ण घरात असतील तर गिझर ५० अंशांच्या आसपास ठेवावा. आठ महिने बंद असलेला गिझर हिवाळ्यात प्रथम लावताना मात्र पाणी एकदा पूर्ण तापवून, खिडकी उघडी ठेवून ते सगळे वाहू द्यावे.

शरीरातला सेन्सर बिघडला तर?

गिझरचा सेन्सर चुकला तरी एक राखणदार उरतो, आपली त्वचा. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांना टीआरपीव्ही-१ नावाची सूक्ष्म दारे असतात. तापमान सुमारे ४३ अंशांच्या वर गेले की ती उघडतात आणि ‘पोळते आहे’ हा निरोप मेंदूला जातो. मिरचीतले कॅप्सेसिनही हीच दारे उघडते. म्हणून भिवापुरी मिरची तोंडात आग लावते, पण जीभ प्रत्यक्षात भाजलेली नसते. १९९७ मध्ये हे दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना, आर्डेम पटापूटियन यांच्यासह, २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

अनेकांच्या पायांतला हा राखणदार मात्र झोपलेला असतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत कधी ना कधी मज्जातंतूंची हानी होते. तिची सुरुवात बहुधा तळपायापासून होते. अशा रुग्णांची कहाणी बहुतेक सारखी असते. थंडीत पाय गार पडले, बधिर वाटले, म्हणून गरम पाण्यात बुडवून बसले. पाणी ‘बरे’ वाटत होते. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा फोड दिसला. फोडाची जखम झाली, साखर जास्त असल्याने ती चिघळली, आणि एका शेकाचा शेवट बोट किंवा पाय गमावण्यात झाला.

कुष्ठरोगातही हेच घडते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात आजही कुष्ठरोगाचे रुग्ण आढळतात. औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. पण गेलेली संवेदना प्रत्येकाला परत मिळतेच असे नाही. वेल्लोर येथे काम केलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून जात नाहीत. वेदना कळत नसल्याने भाजणे, कापणे, घासणे या न जाणवलेल्या इजांनी ती झिजतात. पुढे अमेरिकेत त्यांनी अशा रुग्णांसाठी कृत्रिम सेन्सर बसवलेले हातमोजे तयार करून पाहिले. धोका आला की आवाज होई किंवा विजेचा सौम्य झटका बसे. प्रयोग फसला. इशारा कामात अडथळा आणू लागला की रुग्ण तो बंद करून टाकत. गिझरचा कटआउट ‘डायरेक्ट’ करणाऱ्यांचीही वृत्ती हीच असते.

यावर उपाय घरगुती आहे. मधुमेही, कुष्ठरोगाचे उपचार घेतलेले किंवा पक्षाघाताने एक बाजू बधिर झालेले रुग्ण यांनी पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये. घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून पाहावे किंवा थर्मामीटर वापरावा. गरम पाण्याच्या पिशवीने, शेगडीने पाय शेकू नयेत, मोजे घालावेत. मधुमेहींनी वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. नायलॉनच्या बारीक तंतूने होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते.

बाळंतघरातल्या अंघोळीबाबतही हेच. बाळाला कडकडीत पाण्याने न्हाऊ घातले की ते गाढ झोपते, या समजापायी नाजूक त्वचेला इजा होते. बाळाच्या अंघोळीचे पाणी ३७-३८ अंशांचे, म्हणजे कोपराला जेमतेम कोमट लागणारे असावे. बादली भरताना आधी गार पाणी आणि मग गरम. विसण नंतर घालण्याची आपली जुनी सवय सोडायला हवी; कारण नुसत्या कढत पाण्याची बादली क्षणभर एकटी असते, आणि अपघाताला तेवढा क्षण पुरतो.

भाजलेच तर

भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. थोडा उशीर झाला असला तरी पहिल्या तीन तासांत याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये; त्याने जंतुसंसर्ग होतो आणि जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना कळत नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज येण्याआधी काढावीत. चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत. हिवाळ्यात बाळाचा भाजलेला भाग थंड करताना बाकीचे अंग कोरड्या कपड्यात उबदार ठेवावे. मग स्वच्छ सुती कापडाने जखम सैलसर झाकून रुग्णालय गाठावे.

रुग्णाच्या स्वतःच्या पंजाएवढी जागा म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे एक टक्का. त्याहून मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांगावरची जखम, पांढरी पडलेली किंवा दुखतच नसलेली जखम, तसेच लहान मूल, वृद्ध, मधुमेही किंवा गर्भवती भाजली असेल तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठी मोफत मिळते.

थंडी सुरू होण्यापूर्वी, कोजागिरी ते दिवाळीच्या आसपास, गिझर एकदा तपासून घेण्याचा प्रघात पाडला तर यातले बरेच टळेल. क्षार साफ करणे, व्हॉल्व्ह मोकळा आहे का पाहणे, थर्मोस्टॅट आणि कटआउट चालतात का बघणे, अर्थिंग तपासणे, एवढेच काम आहे. ते तंत्रज्ञाकडून एका फेरीत होते. पुढे रोज सकाळी बटण दाबल्यावर घड्याळाकडे एकदा नजर टाकावी. दिवा वेळेवर विझला की बटण बंद करावे आणि मगच अंघोळीला जावे.